तिसऱ्या भागाचा शेवट

पडद्यावरचा सेनापती बोलायला लागला तशी दामिनी टीव्हीपुढे सरकून बसली. पुढचं चित्र तिला पाठ होतं. राणी कड्यावरून नदीत कोसळली आहे, सेनापती दरबाराला काहीतरी सांगतो आहे, आणि आता सगळं शहर पांढरे कंदील घेऊन घाटाकडे निघणार.

भाऊ भूपेंद्र सुटीवर पुण्याहून भंडाऱ्याला आला होता. लहानपणी दोघं ज्या जपानी कार्टून चित्रपटांपायी वेडी झाली होती, त्यांचा चौथा भाग इतक्या वर्षांनी निघाला होता. आधी जुने तिन्ही पाहू, मग नवा, असं म्हणत त्याने रविवारी सकाळपासून सगळ्यांना बसवलं. वडिलांनी, भैय्यालालनी, हातमाग थांबवल्याचं दामिनीला फरशीवरूनच कळलं. धक्के बंद झाले आणि ते हात पुसत आत आले.

पहिल्या दोन भागांत या घरात नेहमी होतं तेच झालं. कुणीतरी काहीतरी बोललं, तिघं हसले. दामिनीने आईचा दंड हलवून खुणेनेच विचारलं, काय झालं? समोर तोंड करून बोललं तर घरच्यांचे ओठ तिला वाचता येत.

"काही नाही वो. नंतर सांगीन," शोभाताई म्हणाल्या.

ते 'नंतर' अजून एकदाही आलं नव्हतं.

तिसऱ्या भागाची गोष्ट निराळी. भारनियमनाच्या दिवसांत तो टीव्हीवर लागला होता आणि कंदील घाटावर पोचायच्या आतच लाइन गेली होती. राणी मेली, असं भूपेंद्रने मान टाकून, जीभ बाहेर काढून तिला दाखवलं. शाळकरी दामिनीने दोन्ही हात जोरात हलवले. नाही! गर्दीत मागे टोपली घेतलेली बाई आहे ना, तीच राणी. राणी चालताना आधी बोटं टेकवते, मग टाच. दुसरं कुणीच तसं चालत नाही. तिने अंगणात चालूनही दाखवलं.

भूपेंद्र पोट धरून हसला होता. "तुले आयकू येते का? सेनापतीनं सांगतलं ना, मेली म्हणून!"

बाबांनीही मान हलवली होती. पोरीला समजलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या आनंदाबाईंच्या घरापर्यंत हसू पोचलं. तो चित्रपट पुन्हा कधी लागला नाही, आणि दामिनीने घरात आपणहून काही सांगायचं सोडून दिलं. आता ती भंडाऱ्याबाहेर शहापूरजवळच्या एका शाळेत, ऐकू न येणाऱ्या मुलांना चित्रकला शिकवायची. तिथे दिवसभर तिचे हात थांबत नसत. घरी आली की ते मांडीवर पडून राहत.

कंदील निघाले. शेकडो माणसं, आणि काढणाऱ्याने प्रत्येकाला वेगळं काढलेलं. कुणाची चप्पल निसटते आहे, कुणी मूल या कडेवरून त्या कडेवर घेतं आहे. आणि कोपऱ्यात, खांबाआडून, टोपलीवाली बाई. बोटं, मग टाच. दामिनी आणखी पुढे सरकली. तिने बोट दाखवलं नाही. भूपेंद्र मोबाइल बघत होता. शोभाताई डोळ्यांना पदर लावून राणीसाठी रडत होत्या.

घाटावर सेनापती कंदील सोडायला वाकला. गर्दी दुभंगली. ती बाई पुढे आली, टोपली खाली ठेवली, डोक्यावरचं फडकं मागे सारलं. सगळा पडदा त्या चेहऱ्याने भरून गेला.

शोभाताईंचा हात दामिनीच्या खांद्यावर आदळला. भूपेंद्र ताडकन उठला. त्याने चित्र मागे नेलं, थेट सेनापतीच्या भाषणापर्यंत, आणि पडद्यावर बोट ठेवून बसला. होती! भाषण चालू असतानाच दाराबाहेरून ती गेली होती. आणखी मागे नेलं. पुलावर होती. नावेतही होती.

तो वळला, बहिणीसमोर उकिडवा बसला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आमच्या डोळ्यापुढून जाऊन राहिली होती वो! आन् तू तवाच सांगतलं होतं."

दामिनी उठली. बोटं, मग टाच, अशी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मान ताठ ठेवून चालत गेली. आणि हसली. तिचा घोगरा आवाज तिला ऐकू येत नसे; लोक वळून पाहतात म्हणून ती तो दाबून ठेवायची. आज तिने तो मोकळा सोडला. दारातून आनंदाबाई डोकावल्या, तरी आवरला नाही.

चौथा भाग सुरू झाला. पडद्यावर बर्फाचा डोंगर उभा राहिला, त्यावर पाठमोरी उभी असलेली एक मुलगी. दोन माणसं तिच्याशी तावातावाने बोलत होती. भैय्यालाल खुर्चीवरून उठले आणि येऊन दामिनीच्या शेजारी फरशीवर बसले. तिला ओठ दिसतील असं तोंड तिच्याकडे ठेवूनच ते मुलाला म्हणाले,

"भूपेंद्र, आवाज बंद कर."

मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपले जाड हात वर केले आणि, चुकतमाकत, तिच्या खुणेने तिला विचारलं, काय होऊन राहिलं?

पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद झाल्याची फुली उमटली. तिन्ही चेहरे टीव्हीवरून तिच्या हातांकडे वळले.