बाहेरच्या लाइनीचा स्क्रू

"पुन्हा तेच," बाई म्हणाली. "जनरेटरवर सगळं चालतं. बाहेरची लाइन लावली की ढिम्म."

वायरमनने पिशवी ट्रेलरच्या पायरीवर ठेवली आणि चेहरा शक्य तितका गंभीर केला. खरं तर फोन आल्यापासून त्याला शीळ घालावीशी वाटत होती.

ट्रेलरचं वायरिंग त्याचंच. बाई सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायची. गिऱ्हाइकाच्या दारात ट्रेलर उभा करायचा आणि तिथल्या तिथे काम उरकायचं. दारात वीज मिळाली तर केबल टाकून ती घ्यायची, नाही मिळाली तर जनरेटर आहेच. दोन्हींसाठी मिळून त्याने एकच मोठा खटका बसवला होता, वर जनरेटर आणि खाली बाहेरची लाइन. दोन्ही एकदम चालू होणं शक्यच नव्हतं. केबल जिथे खोचायची तो झाकणाचा डबा ट्रेलरच्या मागच्या अंगाला होता. "केबल काढल्याशिवाय या झाकणाला हात लावायचा नाही," असं त्याने पहिल्याच दिवशी बाईला आणि तिच्या सासूबाईंना शाळामास्तरासारखं बजावलं होतं. बाईचा नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. घरात सासू-सून दोघीच.

सासूबाई नेहमीसारख्या ट्रेलरच्या सावलीत खुर्ची टाकून जुन्या गादीची शिवण उसवत होत्या.

"आलास का रे बाबा? हे बघ, चष्म्याची दांडी अजून जिथल्या तिथे आहे. तुझा तो बारका स्क्रूड्रायव्हर लाखमोलाचा हो!"

तो स्क्रूड्रायव्हर त्याने त्यांना देऊनच टाकला होता. चष्मा घट्ट बसला तरी सुईचं नेढं काही दिसत नाही, ही त्यांची कुरकुर मात्र चालूच होती.

"जरा हिच्याशीही बोलत जा," त्या पुढे म्हणाल्या. "कामाशिवाय तोंड उघडत नाही पोरगी."

"आई!" बाई म्हणाली.

केबल काढलेली आहे हे बघून वायरमनने झाकण उघडलं. न्यूट्रलची वायर स्क्रूतून सुटून लोंबत होती. गेल्या खेपेलाही हीच, आणि त्याच्या आधीही हीच. गेल्या खेपेला तर त्याने स्प्रिंगचा वॉशर घालून ती आवळली होती. त्यानंतर ट्रेलर जागचा हललेला नव्हता. चाकांभोवतीचं गवत उभंच्या उभं होतं. हादऱ्याने सुटली म्हणावं, तर हादरा बसलाच कुठे? आणि स्क्रू काही आपल्या पायांनी बाहेर येत नाही.

म्हणजे कोणीतरी तो सोडत होतं. कोण, याचा विचार वायरमन आठवडाभर करत होता आणि दर वेळी एकाच उत्तरापाशी येऊन मनातल्या मनात लाजत होता. या वयात! पहिल्या दिवशी तो बाईला "ताई" म्हणाला होता. दुसऱ्या खेपेपासून तो शब्द त्याने गुपचूप गिळला. त्याचीही बायको जाऊन वर्षं झाली होती, आणि एकट्यापुरता चहा टाकायचा त्याला मनापासून कंटाळा आला होता.

पण इथेच घोडं पेंड खात होतं. उद्या ट्रेलर दुसऱ्या गावी निघणार होता. तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या झाडून सगळ्या खुर्च्या मढवायच्या होत्या. काम काही महिन्यांचं. आज मूग गिळून बसलो तर लोकांचे फ्यूज बदलण्यातच जन्म जायचा, हे त्याला पक्कं कळत होतं.

त्याने वायर आवळली, झाकण लावलं, केबल खोचली आणि आत जाऊन खटका खाली ओढला. दिवा लागला. मागोमाग आत आलेल्या बाईने पाय दाबताच शिलाई मशीन घुर्रकन फिरलं.

"लागली!" बाई खूश होऊन म्हणाली.

"एक विचारू?"

"विचारा की."

"तो स्क्रू तुम्हीच ढिला करता ना?"

मशीनवरचा तिचा हात थांबला. "मी?"

"रागावून नाही म्हणत," तो घाईघाईने म्हणाला. "उलट मला बरंच वाटलं. म्हणजे, मी यावं असं वाटत असेल, तर त्यासाठी वीज घालवायची गरज नाही. मी असाही येईन. त्या गावालाही येईन."

बाई आधी लाल झाली, मग तिला हसू आवरेना. "अहो, मला वाटत होतं तुम्हीच तो ढिला ठेवून जाता!"

"मी? माझ्या हातचं काम, आणि ढिलं?" वायरमनला प्रेमापेक्षा हेच जास्त लागलं.

"तेच म्हणते मी. बाकी काम इतकं चोख, आणि हा एकच स्क्रू दर वेळी कसा सुटतो? पण बोलले नाही. म्हटलं, येतोय तर येऊ दे." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"म्हणजे तुमची हरकत नाही?"

"हरकत असती तर दुसरा वायरमन नसता बोलावला?"

दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. वायरमनला इतका आनंद झाला की खटक्यावरचा हात काढायचंही त्याला सुचेना. मग हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पण तुम्ही नाही, मी नाही. मग तो स्क्रू?"

बाहेर कात्रीने कचकन दोरा तोडल्याचा आवाज आला.

"केबल काढल्याशिवाय मी त्या झाकणाला कधी हात लावला नाही हो," सासूबाई म्हणाल्या.