टोकाचं शेत

पातेल्यातली आमटी पळीत येईना, तेव्हा वसुधाने पातेलं तिरकं धरलं. पिपलानीच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ती आत्ता कुठे बसली होती. तिचा नवरा जयंत कालव्यावर इंजिनिअर. तो समोरच भिंतीला टेकला होता.

"वरची गावं म्हणतात, आमचं भिजलं की खाली सोडतो. पण त्यांचं कधी भिजून होतच नाही. टोकाची शेतं दरवर्षी तशीच वाळतात."

"मग?"

"आज कालव्याची वरची दारं बंद केली. यंदा पाणी आधी टोकाला. चिल्लाचिल्ली चालू आहे, चालू दे."

आतून सासूबाई म्हणाल्या, "वसुधा, तू एम.एस्सी.चं म्हणत होतीस ना? जयंतची खात्याची परीक्षा झाली, आपल्या कुसुमचं लग्न झालं. आता धाकट्या प्रकाशला नोकरी लागली, की बघू हं तुझं."

जयंतने होकारार्थी मान हलवली.

वसुधाने पोळीच्या शेवटच्या तुकड्याने पातेलं पुसून घेतलं. मग ती शांतपणे म्हणाली, "प्रकाशभाऊजी आपलं ताट आपण वाढून घेतील, आई. यंदा पाणी आधी टोकाला. मी सोमवारी कॉलेजात नाव घालतेय."