ओल पिणारी भिंत

बाळंतपणाला माहेरी आलेल्या ऋजुताला अळिवाची खीर खाऊ घालून शालनताई थकल्या, तरी तिला पुरेसं दूध येईना. तिचे ओठ फुटले होते. बाळाची दुपटी मात्र दोरीवर टाकताच कडक वाळत होती, तीही ऐन श्रावणात, सावंतवाडीत!

“अहो, यंदा भिंतीला लावलेला तुमचा तो ओल पिणारा गिलावा आधी खरवडून काढा!” त्या नवऱ्यावर खेकसल्या.

“जिवंत आहे तो. मुळं विटांत गेलीत,” शरदराव पुटपुटले. “हवेतली ओल संपली की माणसांतली शोषतो.”

लग्नापासून दर पावसाळ्यात जी पाझरणारी भिंत शालनताई फडक्याने पुसत आल्या होत्या, तिच्यावरच त्यांनी भरलेली बादली रिकामी केली.

“घे, ढोस मेल्या! पण माझ्या लेकीला सोड.”

जमिनीवर थेंबही पडला नाही. शालनताई दुसरी बादली भरायला वळल्या.