लांब उडीचा खड्डा

कल्पना करा बरं मुलांनो, शाळेच्या मैदानात लांब उडीचा खड्डा काँक्रीटनं बुजवलाय, आणि त्यावर पुतळा उभा आहे. ज्यानं इथेच शाळेचा विक्रम केला आणि पुढे सैन्यात जाऊन लढाईत जीव गमावला, त्या मुलाचा. अनावरणाच्या समारंभाला आईबरोबर आलेल्या त्याच्या सहावीतल्या बहिणीच्या अंगाचा ते पाहून तिळपापड झाला.

"अगं, हा मान आहे त्याचा," मुख्याध्यापक म्हणाले. "आता हा विक्रम कधीच कुणी मोडणार नाही."

"दादा मला तो मोडायलाच तर शिकवत होता, सर! आता उडी मारू कुठं, कपाळावर?"

"पाहुण्यांसमोर तमाशा नको. फूल वाहा आणि गुपचूप बस."

तिनं फूल आईच्या हातात कोंबलं, गवंड्याचं फावडं उचललं आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरच नवा खड्डा खणायला लागली.