दोन जीवराम

"नाना, हे दोन्ही जीवराम एकच आहेत हो," मयुरी तिसऱ्यांदा म्हणाली.

"नही, पोरी. दोन शेतस." समोरच्या खुर्चीत बसलेल्या जीवरामनानांनी दोन बोटं दाखवत मान हलवली. शेजारी त्यांच्या घरच्या, बेबाअक्का, पदर सावरून बसल्या होत्या.

जळगावच्या या वाचनालयात मयुरी तीन महिने एकच काम करत होती. जळगाव, रावेर, शिरपूर इथल्या वाचनालयांच्या नोंदी संगणकावर एकमेकींना जोडायच्या आणि प्रत्येक लेखकाला एकच कायमचा क्रमांक द्यायचा. एका माणसाला दोन क्रमांक गेले, तर मेहनतीवर पाणी. वाचनालयांच्या समितीने बजावलंच होतं, एक जरी दुबार नोंद सापडली तरी धुळ्याचं पुढचं काम दुसऱ्याला. आणि ते काम मयुरीला अगदी मनापासून हवं होतं.

आता एकच जोडी उरली होती. जीवराम रुपचंद पाटील, तालुका शिरपूर, जन्म एक जून. एकाच्या नावावर 'अनेरकाठी तू' हा प्रेमकवितांचा संग्रह, दुसऱ्याच्या नावावर 'कपाशी: पेरणी ते वेचणी'.

संगणक म्हणत होता, एकच माणूस. पण एक जूनवर मयुरीचा काडीचा विश्वास नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या खानदेशाला त्याच दिवशी जन्माला घातलं होतं. तिचे वडीलही त्यातलेच. म्हणून तिने फोन करून नानांनाच विचारलं. नाना अक्कांना घेऊन सकाळच्या एसटीने हजर झाले, वर पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा.

"गावात दुसरे कोणी जीवराम रुपचंद आहेत?"

"नही."

"मग?"

"मंग काय? दोन शेतस."

मयुरीने कपाशीचं पुस्तक उघडलं. तालुक्याच्या शेतकरी स्पर्धेत पहिलं आलेलं लिखाण. सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच त्या स्पर्धेत भाग घेता येई. पहिल्याच पानावर फेटा बांधलेले नाना.

"हा फोटो तुमचाच ना?"

"फोटो मन्हाच शे."

"दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, नाना?"

"तीन फूट."

"चार," अक्का हळूच म्हणाल्या.

"हा, चार," नाना म्हणाले.

मयुरीला हसू आवरेना. पाणी कुठे मुरतंय, ते तिच्या लक्षात आलं. तिने कवितांचं पुस्तक घेतलं आणि मुद्दाम मोठ्याने वाचलं, "तुझ्या वेणीतली अबोली..."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. नानांचे कान लाल झाले.

"नाना, पन्नास वर्षं संसार झाला. आता अक्कांसमोर कसली लाज? कविता तुमच्याच आहेत, एवढं कबूल करा. मी दोन्ही नोंदी एक करते आणि आपण तिघं चहा घेऊ." तिचं बोट बटणावर टेकलंच होतं.

नाना उठून उभे राहिले. "राहू द्या ना," म्हणत अक्का त्यांचा सदरा ओढत होत्या. नानांनी तो हळूच सोडवून घेतला.

"कविता मन्ह्याच शेतस, पोरी," ते म्हणाले आणि त्यांनी अक्कांकडे बोट केलं. "ते कपाशीनं पुस्तक हिनी लिखेल शे."