उलटी बाजू नसलेला मोर

परीक्षकांनी लाल पेनाचं टोपण काढलं, तशा चित्रकलेच्या दाक्षायणीबाई पुढं सरकल्या. चौथीतल्या लावण्यानं कागद दोन्हीकडून रंगवला होता. पुढं पांढऱ्यावर तांबडा मोर, मागं तांबड्यावर पांढरा. “पाठ कोरी हवी, तिथं नाव लिहायचं असतं. चित्र बाद!” परीक्षक म्हणाले. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी महिनाभर मधली सुट्टी विसरलेली पोर मान खाली घालून उभी होती. “असं का केलंस गं?” बाईंनी तिला जवळ घेत विचारलं. “बाबा मागावर विणतात, त्या चादरीला उलटी बाजू नसते की, बाई!” बाईंना आईची चादर आठवली. ती उलटली की घरात नवी चादर आल्यागत वाटायचं. त्यांनी चित्र वर्गाच्या मधोमध दोरीवर टांगलं. “साहेब, एकदा मागून बघा.” परीक्षकांनी चित्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. पेन हातातच होतं. “मग नाव कुठं लिहू?” “काठावर. चादरीवर नाव तिथंच विणतात.”