पाचवी खेप

विमानातल्या रडारवर समुद्राचं पाणी खळबळलेलं दिसलं की पेणची वृंदा विमानातूनच वायरलेसवर जागा कळवायची आणि तिथं मासे आहेत की नुसता वारा, हे हिराजी होडी नेऊन सांगायचा. तो 'मासे' म्हणाला की सगळ्या बोटी सुटायच्या. आज पहाटेपासून चार खेपा वाऱ्यानंच खाल्ल्या होत्या. पाचव्या जागी त्यानं बादली बुडवली, ती बांगडा माशाच्या बोटाएवढ्या पिल्लांनी भरून आली. गेल्या महिन्यात तो 'मासे' म्हणाला, तेव्हा बोटींनी भरून आणलेली असलीच पिल्लं रोह्याच्या बाजारात कुणी घेईना म्हणून खड्ड्यात पुरली होती. "काका, काय आहे?" वृंदाचा आवाज शिणलेला होता. बादली पाण्यात रिकामी करत तो म्हणाला, "नुसता वारा हाय गो." वृंदा म्हणाली, "वारा असा गोल फिरत नाही, काका. पण त्या दिवशी मीही बाजारात होते. नोंदीत वाराच लिहिते."